एदो किरिको: बिनरंगी आणि रंगीत काचेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किरिको म्हणजे नेमकं काय?

'किरी' म्हणजे कापणं. काचेचं भांडं फिरत्या चाकावर टेकवून बाहेरच्या अंगाला खाचा पाडायच्या आणि त्या खाचांची नक्षी बनवायची, ते काम म्हणजे किरिको. मराठीत याला कोरीव काच म्हणतात खरं, पण इथे हत्यार भांड्यावर फिरत नाही. चाक एका जागी फिरत असतं आणि कारागीर भांडं त्यावर फिरवतो. हिरेकाम करणाऱ्यांचा 'पैलू पाडणं' हा शब्द या कामाच्या जास्त जवळ जातो.

एदो हे तोक्योचं जुनं नाव आणि सात्सुमा हे दक्षिणेकडच्या कागोशिमा भागाचं. तोक्यो आणि आसपासच्या भागात होते ती एदो किरिको, कागोशिमात होते ती सात्सुमा किरिको. या पानावरचे बहुतेक प्रश्न पहिलीबद्दल आहेत. दुसरी मधूनमधून येत राहील, कारण रंगाचा विषय तिच्याशिवाय पुरा होत नाही.

मूळ एदो किरिको रंगीत होती का?

नाही. दुकानातल्या निळ्या आणि लाल पेल्यांमुळे हा गैरसमज होतो. एदो काळातली, म्हणजे १८६८ पूर्वीची किरिको जवळजवळ सगळी बिनरंगी काचेवर झाली. १८३४ साली एदोतल्या ओदेन्माचो भागात कागाया क्यूबेई या काचविक्रेत्याने कुरुंदाच्या पुडीने काचेवर नक्षी कापली, तिथून या कलेची सुरुवात धरतात. त्या पुडीला जपानीत 'कोंगोशा' म्हणतात. 'कोंगो' म्हणजे आपलं वज्र, म्हणजे ही वज्रवाळू झाली.

१८८१ मध्ये शिनागावाच्या सरकारी काच कारखान्यात इमॅन्युएल हॉप्टमन हा इंग्लंडचा तंत्रज्ञ आला आणि त्याने फिरत्या चाकावर कापण्याची युरोपीय पद्धत जपानी कारागिरांना शिकवली. आजची कापण्याची पद्धत बरीचशी तिथून आली आहे. निळ्या-लाल आवरणाची काच त्यानंतर हळूहळू रूढ झाली. १९८५ मध्ये तोक्योने आणि २००२ मध्ये जपान सरकारने एदो किरिकोला पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. या दर्जात बिनरंगी आणि रंगीत दोन्ही बसतात, त्यामुळे 'बिनरंगी म्हणजे अर्धवट माल' हे कुणी सांगितलं तर ऐकू नका.

मग रंग कुठून आला?

सात्सुमातून. तिथल्या शिमाझु घराण्याने १८४६ मध्ये औषधांच्या बाटल्यांसाठी काचेचा कारखाना काढला आणि एदोहून योत्सुमोतो कामेजिरो या कारागिराला बोलावून घेतलं. १८५१ मध्ये शिमाझु नारिआकिरा गादीवर आला आणि त्याने रंगीत काचेचे प्रयोग जोरात सुरू केले. तांबड्या रंगासाठी विशेष खटपट झाली. १८५८ मध्ये तो वारला, १८६३ मध्ये इंग्रजांच्या आरमाराने कागोशिमावर तोफा डागल्या त्यात कारखाना जळाला, आणि १८७७ च्या सुमारास ही कला संपली. म्हणजे जेमतेम तीस वर्षं. १९८५ मध्ये कागोशिमात जुन्या वस्तूंचा अभ्यास करून ती पुन्हा उभी केली. जुन्या वस्तूंपैकी निळी नावेच्या आकाराची वाटी तोक्योच्या सनटोरी कलासंग्रहालयात आहे.

निळा पेला आरपार निळ्या काचेचा असतो का?

नसतो, आणि सगळी गंमत त्यातच आहे. पेल्याच्या आत बिनरंगी काच असते आणि बाहेरून रंगीत काचेचं आवरण. याला 'किसे' म्हणतात, म्हणजे पांघरलेली काच. चाकाने आवरण कापलं गेलं की खालची बिनरंगी काच उघडी पडते. आरपार निळ्या काचेत खाच पाडली तर निळ्यात निळी खाच दिसेल आणि नक्षी चार पावलांवरून कळणारही नाही.

बिनरंगी भांड्याला कारागीर 'सुकी' म्हणतात, म्हणजे आरपार दिसणारं.

दोन थर एकमेकांना चिकटवतात का?

गोंद किंवा रंग नसतो. दोन्ही थर वितळलेले असतानाच एकजीव होतात. एक पद्धत अशी: फुंकणीवर रंगीत काच घेऊन साच्यात फुंकतात, तिची पातळ वाटी होते. ती गरम असतानाच दुसऱ्या फुंकणीवरचा बिनरंगी गोळा तिच्यात उतरवून फुंकतात. गोळा फुगतो, वाटीला आतून भिडतो, आणि मग दोन्ही मिळून शेवटच्या साच्यात आकार घेतात.

इथे दोन गोष्टी बिघडतात. पहिली, प्रसरण. दोन्ही काचा गार होताना सारख्या प्रमाणात आकसल्या नाहीत तर सांध्यावर ताण राहतो. भांडं कधी शीतलन भट्टीतच तडकतं, कधी आठवड्याने चाकावर टेकवल्याबरोबर. दुसरी, जाडी. आतला गोळा नेमका मध्यावर उतरला नाही तर आवरण एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ बसतं. भांडं दिसायला ठीक असतं. दोष उघड होतो तो कापताना: एकाच खोलीची खाच इकडे स्वच्छ उमटते आणि तिकडे तळाशी निळसर साय राहते.

कापणारा आणि फुंकणारा हे बहुतेक वेळा वेगवेगळे कारखाने असतात. त्यामुळे चांगला कापणारा कोरं भांडं हातात आल्यावर आधी काठाकडे पाहतो. काठ कापून घासलेला असेल तर तिथे थराचा छेदच दिसतो, बारीक निळ्या कड्यासारखा. ते कडं सगळीकडे सारखं रुंद असेल तर भांडं घ्यायचं.

कोणता रंग कशामुळे येतो?

निळा कोबाल्टच्या ऑक्साइडने येतो. तो इतका जोरकस आहे की अगदी थोडा पुरतो, म्हणून पातळ आवरणासाठी सर्वांत सोयीचा. या निळ्याला 'रुरी' म्हणतात. हा शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानात पोचला आणि त्याचं मूळ संस्कृतातलं 'वैडूर्य' आहे. जांभळा मॅंगनीजने, हिरवा क्रोमियम आणि लोहाने.

तांबडा त्रास देतो. तांब्यापासून येणारा तांबडा आणि सोन्यापासून येणारा गुलाबीकडे झुकणारा तांबडा, दोन्हींत रंग हा धातूच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. काच भट्टीतून काढल्यावर तो लगेच दिसत नाही, पुन्हा तापवल्यावर उमलतो. जास्त तापली तर कण मोठे होतात आणि रंग गढूळ होतो, कमी तापली तर फिका राहतो. तांब्याच्या बाबतीत भट्टीत ऑक्सिजन जास्त झाला तर तांबड्याऐवजी हिरवट-निळसर छटा येते. सोन्याच्या लाल काचेसाठी सोनं आधी अम्लराजात, म्हणजे दोन तीव्र आम्लांच्या मिश्रणात, विरघळवावं लागतं. लाल पेला निळ्यापेक्षा महाग असतो तो निव्वळ हौसेपायी नव्हे.

एदो आणि सात्सुमा एका नजरेत कशी ओळखायची?

नक्षीकडे पाहू नका, रंगाच्या कडेकडे पाहा. एदोच्या पेल्यात रंग जिथे संपतो तिथे धारदार रेघ असते. सात्सुमात तो विरत जातो, लुगड्याच्या काठाचा रंग पाण्यात उतरावा तसा. त्याला 'बोकाशी' म्हणतात.

कारण थराच्या जाडीत आहे. हिशेब करून पाहू. एदोचं आवरण साधारण ०.५ मिलिमीटर धरा आणि चाकाची धार ९० अंशांची. खाचेचा उतार ४५ अंशांचा झाला, म्हणजे रंग पूर्ण गडद असण्यापासून शून्य होईपर्यंतचं आडवं अंतर फक्त ०.५ मिलिमीटर. डोळ्याला ती रेघच दिसते. आता आवरण २ मिलिमीटरचं घ्या आणि चाक जास्त बोथट, १२० अंशांचं. तेच अंतर जवळजवळ ३.५ मिलिमीटर होतं. एवढ्या जागेत गडद, मध्यम, फिका असा उतार डोळा वाचू शकतो.

म्हणून पातळ आवरणाच्या पेल्यावर 'सात्सुमासारखी बोकाशी' मागणं व्यर्थ आहे. कारागीर कितीही कसलेला असला तरी जो थर मुळात नाही तो तो आणणार कुठून?

(हा फरक जुन्या आणि ठरावीक वस्तूंना नीट लागू पडतो. आजकाल एदोचे काही कारागीरही मुद्दाम जाड आवरण मागवून घेतात, तेव्हा एवढ्या एका खुणेवर पैज लावू नका.)

काम कोणत्या क्रमाने होतं?

आधी आखणी, 'वारिदाशी'. भांडं गोल फिरणाऱ्या पाटावर मध्यावर बसवतात आणि घेर समान भागांत विभागतात: १२, १६, २४, नक्षीला जे लागेल ते. उभ्या आणि आडव्या मार्गदर्शक रेघा ओढतात. त्यासाठी पारंपरिक रंग म्हणजे 'बेंगारा', गेरूच्याच कुळातलं तांबडं लोहऑक्साइड. हे नाव बंगालवरून पडलं आहे. गडद काचेवर तांबडी रेघ बुडून जाते, तिथे उजळ शाई वापरतात. पूर्ण नक्षी कोणी काढत नाही. रेघांची चौकट असते आणि मधलं सगळं नजरेच्या अंदाजाने कापलं जातं.

मग 'आराझुरी', म्हणजे पहिली कापणी. पूर्वी लोखंडी चाकावर पाण्यात कालवलेली कुरुंदाची पूड सोडत, आता बहुतेक ठिकाणी हिऱ्याची पूड बसवलेलं चाक असतं. पाण्याची धार मात्र तेव्हाही होती आणि आताही आहे. पाणी कमी पडलं की काच तापते आणि खाचेच्या कडेला बारीक टवके उडतात. शिवाय कोरडी काचधूळ फुप्फुसांत जाते, ते वेगळंच. या पायरीला खाच पूर्ण रुंद आणि खोल करायची नसते. थोडं शिल्लक ठेवायचं असतं.

'सानबानगाके' ही दुसरी कापणी, बारीक पुडीची. नाव तीन नंबरच्या पुडीवरून आलं. खरी नक्षी इथे घडते: खाचा अंतिम रुंदीला येतात, टोकं टोकांना भिडतात, बारीक रेघा पडतात. शिकाऊ माणसाची आखणी आणि पहिली कापणी चांगली असू शकते, पण त्याचा कस लागतो तो या पायरीला.

त्यानंतर 'इशीकाके', दगडाच्या चाकावर. आपल्या सहाणेसारखंच काम, दगड चाकाच्या आकाराचा आणि फिरता एवढंच. खरखरीत, पांढुरकी खाच इथे गुळगुळीत होऊन राखाडी होते. ही पायरी घाईत उरकली की तिचा सूड पुढच्या पायरीत निघतो: दगडाने न गेलेला ओरखडा पॉलिशने जात नाही, उलट चकचकीत होऊन जास्त उठून दिसतो.

शेवटी 'मिगाकी', झळाळी. विलोसारख्या लाकडाची चाकं किंवा रेझिनची चाकं, त्यावर पाण्यात कालवलेली पॉलिशची पूड. आज बहुतेक सेरियम ऑक्साइड वापरतात. सर्वांत शेवटी कापडी चाकावर एक हात. लाकडी चाकाची धारही खाचेच्या कोनाला तासून घ्यावी लागते, नाहीतर खाचेचे उतार चमकतात आणि तळ मात्र पांढरी रेघ होऊन राहतो.

काच कापताना कारागिराला खाच दिसते का?

तो भांडं चाकाच्या वर धरतो, म्हणजे चाक पलीकडच्या अंगाला असतं. कारागीर आतल्या बाजूने, काचेतून आरपार पाहत कापतो. सुकी काचेत पांढुरकी खाच आणि आखणीची रेघ दोन्ही दिसतात. मात्र भांड्याच्या समोरच्या भिंतीवर आधीच कापलेल्या खाचाही त्यात मिसळतात आणि नजर फसते. निळ्या-लाल काचेत कापलेली खाच उजळ रेघेसारखी झळकते. त्या बाबतीत रंगीत काच सोपी म्हणायची.

आणि काळी?

काळ्या आवरणातून प्रकाशच येत नाही. आवरण फुटेपर्यंत चाक कुठे टेकलंय हे बाहेरच्या कडेवरून, हाताला लागणाऱ्या दाबावरून आणि आवाजावरून ओळखावं लागतं. काळ्या किरिकोची किंमत पाहून भुवया उंचावतात, त्यांच्यासाठी हे उत्तर.

बिनरंगी काम सोपं आणि रंगीत अवघड, असं म्हणतात. खरं का?

आमच्या मते हा प्रश्नच थोडा चुकीचा मांडला जातो. दोन्हींत चुका वेगवेगळ्या जागी पकडल्या जातात. रंगीत काच खोलीची चूक माफ करत नाही, आणि सुकी काच झळाळीची.

खोलीचं उदाहरण 'नानाको' नक्षीचं घेऊ. नानाको म्हणजे माशाची अंडी, गाबोळी. तिरप्या समांतर खाचांचा एक संच, त्यावर उलट्या दिशेने दुसरा, आणि मध्ये उरतात इवले इवले चौकोनी पिरॅमिड. समजा दोन खाचांमधलं अंतर २ मिलिमीटर, चाकाची धार ९० अंश, रंगाचा थर ०.५ मिलिमीटर. खाच बरोबर १ मिलिमीटर खोल गेली की शेजारच्या खाचा कडेला कड भिडतात, पिरॅमिडचं टोक नेमकं टोकदार होतं आणि त्याच्या शेंड्यावर १ मिलिमीटर बाजूचा रंगीत चौकोन उरतो.

आता हात जरा जड पडला आणि खोली १.१ झाली. शेंडा ०.१ ने खाली गेला आणि रंगीत चौकोनाची बाजू ०.८ झाली. क्षेत्रफळ १ वरून ०.६४ वर आलं. हात हलका पडून ०.९ खोली झाली तर शेंडा सपाट राहतो, बाजू १.२ होते, क्षेत्रफळ १.४४. दोन्ही चुका मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या, पण एका ठिकाणी दुसरीच्या सव्वादोन पट रंग. पेला हातभर अंतरावर धरला की तिथे गडद डाग आणि इथे फिका डाग दिसतो. सुकी काचेवर हीच चूक केली तर शेंडा किंचित बुटका झाला एवढंच, ते शोधायला भिंग लागेल.

उलट सुकी काचेत नजर गुंतवायला रंग नसतो. तिथे जे दिसतं ते फक्त वाकलेला आणि परतलेला प्रकाश. खाचेच्या उतारावर दगडाची एक लाट राहिली, तळाला एक राखाडी धागा राहिला, धार पॉलिशमध्ये गोलावली, की पेला पाणी मारलेल्या दुधासारखा दिसू लागतो. रंगीत पेल्यात हे दोष निळ्या-पांढऱ्याच्या भांडणात खपून जातात. काचेतला बुडबुडा किंवा वळसाही सुकीत लपत नाही, म्हणून तिचं कोरं भांडंच जास्त निवडून घ्यावं लागतं.

नक्षींची नावं काय, आणि कोणती कोणत्या काचेवर खुलते?

नानाको वर आलीच. तिच्या नावातल्या नाना आणि को यांवरून सात आणि पाच असे आकडे काढून ५ जुलै हा एदो किरिकोचा दिवस ठरवला आहे. 'कागोमे' म्हणजे टोपलीच्या विणीची भोकं, 'याराई' म्हणजे बांबूचं तिरपं कुंपण. 'शिप्पो' म्हणजे सप्तरत्नं, एकमेकांत अडकलेली वर्तुळं. 'आसानोहा' हे भांगेच्या जातीच्या झाडाचं पान. दचकू नका, ते झाड झरझर आणि सरळ वाढतं म्हणून जपानात ही नक्षी तान्ह्या बाळाच्या कपड्यांवर घालतात. 'किकुत्सुनागी', शेवंतीच्या फुलांची साखळी, ही दाट बारीक रेघांची नक्षी. एक रेघ चुकली की ती जिथून जाते ती सगळी फुलं लंगडतात.

आमची पसंती: आसानोहा आणि शिप्पो रंगीत काचेवर, कारण त्यांना रंगाचे मोकळे तुकडे लागतात. नानाको सुकीवर. मद्य ओतलं की प्रत्येक पिरॅमिड वेगळा पेटतो.

सोडा काच की क्रिस्टल?

सोडा काच म्हणजे बाटल्या-खिडक्यांची नेहमीची काच. क्रिस्टल म्हणजे मूळची शिसं घातलेली काच. युरोपीय मोजमापात लेड क्रिस्टलला किमान २४ टक्के लेड ऑक्साइड लागतं. शिशामुळे काच जड आणि मऊ होते, चाकाखाली लोण्यासारखी कापली जाते आणि प्रकाश जास्त वाकवते: अपवर्तनांक सोडा काचेचा १.५२ च्या आसपास, लेड क्रिस्टलचा १.५५ च्या पुढेमागे. आकड्यांत फरक थोडा, डोळ्यांना बराच. सुकी पेला घ्यायचा असेल तर क्रिस्टलचा जरूर विचार करा. रंगीत पेल्यात सोडा काचेने फारसं अडत नाही, तिथे काम रंगाच्या विरोधावर चालतं. रोजच्या वापराला तीच काटक. बिनशिशाचं क्रिस्टलही मिळतं.

शिशाच्या काचेच्या बाटलीत मद्य किंवा लिंबाचं सरबत दिवसेंदिवस भरून ठेवू नये, शिसं हळूहळू उतरतं. पेल्यात ओतून पिण्यापुरतं ठेवायला हरकत नाही.

हाताने पॉलिश केलेला आणि आम्लात बुडवलेला, यात फरक काय?

आम्लाच्या पद्धतीत हायड्रोफ्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात भांडं बुडवतात. खाचेचा पृष्ठभाग विरघळून एकदम चकचकीत होतो. वेळ वाचतो आणि बारीक नक्षीच्या कोपऱ्यांतही चमक पोचते. पण आम्ल धारही खातं, त्यामुळे बोट फिरवल्यावर कडा थोड्या गोलसर लागतात. हाताच्या कामात धार शाबूत राहते. आम्लाची पद्धत क्रिस्टलला मानवते. सोडा काचेवर न विरघळणारे क्षार बसून धुरकटपणा येतो.

घरी हा प्रयोग कोणीही करू नये. हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करतं आणि सुरुवातीला दुखतही नाही.

खरी किरिको आणि साच्यात दाबलेली काच, ओळखायची कशी?

नखाने आणि उजेडाने. साच्यातल्या खाचांच्या कडा गोल असतात, कापलेल्या खाचेची कड नखाला अडते. साच्याच्या भांड्याला उभा सांधा सापडतो, बहुतेक वेळा नक्षीत लपवलेला. रंगीत असेल तर खाचेच्या उतारावर रंगाच्या थराची जाडी शोधा: किसे काचेत ती असते, वरून फवारलेल्या रंगात नसते आणि तो कडेला सोलवटतो. रेघा जिथे मिळतात तिथे केसभर पुढेमागे दिसलं तर घाबरू नका, ते हाताने केल्याचं लक्षण आहे. दोन केस पुढेमागे असेल तर मात्र दुसरा पेला मागा.

दुकानात पेला खिडकीकडे धरून सावकाश एक पूर्ण फेरी फिरवा. नक्षी सुरू झाली आणि संपली तो जोड कुठे आहे ते पाहा: शेवटचं घर बाकीच्यांपेक्षा अरुंद असेल तर आखणी चुकली आहे. मग बुडाकडे पाहा. बुडाच्या चांदणीचा मध्य एका बिंदूत मिळतो की बाजूला सरकलाय, यावरून कारागिराचा दर्जा कळतो.

यात चहा ओतला तर चालेल?

नको. खाचेच्या तळाशी काच पातळ आणि भिंतीशी जाड असते. उकळता चहा पडला की आतला पृष्ठभाग लगेच फुगतो, बाहेरचा मागे राहतो, आणि ताण नेमका खाचेच्या तळाशी साठतो. पेला उभा चिरतो. फ्रिझरमधून काढलेल्या पेल्यात कोमट पाणी ओतणंही तसंच. मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर दोन्ही वर्ज्य. गार सरबत, पन्हं, सोलकढी, खुशाल.

धुवायचा कसा?

एकेक पेला वेगळा, कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ स्पंज. सिंकच्या तळाशी जाड फडकं घाला. खाचांतला मळ मऊ दातब्रशने काढा, स्टीलच्या घासणीने नव्हे. धुतला की लगेच सुती फडक्याने पुसा आणि पुसताना काठ आणि बूड उलटसुलट दिशांनी पिळू नका, देठाचे ग्लास बहुतेक असेच मोडतात. पेल्यात पेला घालून ठेवू नका.

बोअरवेलचं जड पाणी असलेल्या घरांत दोन महिन्यांत खाचांवर पांढरी साय बसते आणि लोकांना वाटतं झळाळी उतरली. तो चुना असतो. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून अर्धा तास बुडवा, ब्रश फिरवा, गोड्या पाण्याने खळबळून पुसा. रांगोळी, राख किंवा घासायची पूड चुकूनही नको. तिचे ओरखडे मात्र कायमचे.

तोक्योत असताना काम पाहायचं असेल तर?

एदो किरिकोचे कारखाने पूर्वेकडे, कोतो, सुमिदा आणि एदोगावा या वॉर्डांत एकवटलेले आहेत. कच्चा माल कालव्यांतून येत असे, म्हणून. एदोगावातल्या निशी-कासाईला राहणाऱ्या मराठी मंडळींना हे शेजारचंच. कोतोतल्या कामेइदोला कारागीर संघाचं दालन आहे. तिथे वेगवेगळ्या कारागिरांचं काम एकाच फळीवर शेजारी शेजारी पाहायला मिळतं, ही मोठी सोय. आधी कोणताही एक सुकी पेला हातात घ्या, मग त्याच नक्षीचा निळा. उलट क्रमाने पाहिलं तर सुकी फिका वाटतो.

काही कारखाने तास-दीड तासाचे नवशिक्यांचे वर्ग घेतात. बाह्या घट्ट आणि अंगठ्या काढून जा. दाब देण्याचा मोह आवरा: कापायचं काम चाक करतं, हाताचं काम भांडं स्थिर धरणं आणि खाच पुरी झाली की सरळ वर उचलणं. आडवं सरकवत उचललं की खाचेला शेपटी फुटते.

भारतात आणताना?

हातातल्या सामानात. प्रत्येक पेला वेगळा गुंडाळा आणि आतही कागदाचा बोळा भरा, पण घट्ट ठासू नका. लाकडी डबा मिळाला असेल तर तो फेकू नका.

काठाचा टवका उडाला. पेला गेला का?

टवका दोन-तीन मिलिमीटरपेक्षा कमी खोल असेल तर काठ तेवढा खाली घासून पुन्हा झळाळी देता येते. सुकी पेला दुरुस्त झाल्याचं नंतर कळतही नाही, फक्त उंची कमी होते. रंगीत पेल्यात नक्षी काठापर्यंत गेलेली असेल तर वरची ओळ अर्धी कापली जाते, आणि संचातल्या बाकीच्या पेल्यांशेजारी ठेवल्यावर ते डोळ्यांत खुपतं. टवका खाचेत उडाला असेल तर त्या खाचेला थोडं रुंद करून तो घालवतात. सुकीत ते जमून जातं, रंगीतात मात्र शेजारच्या सगळ्या खाचा तितक्याच रुंद कराव्या लागतात. तडा असेल, अगदी केसाएवढा, तर तो पेला पाण्याचासुद्धा ठेवू नका, त्यात पेन उभी करा.